माझ्या वाट्याच्या ओळी

छत्रीबाईंच्या हातात बाराही महिने छत्री असायची, पण ती उघडलेली कोणी कधी पाहिली नाही. पाऊस आला की त्या पदर डोक्यावर घ्यायच्या. उन्हात तर तोही घ्यायच्या नाहीत. छत्री काळी, पुरुषी, लाकडी मुठीची. आमच्या बेला गावच्या बाजारात कोणीतरी विचारायचंच, "बाई, छत्री हाय तं उघडत काऊन नाई?" बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "देवानं लिहून देल्लं हाय, दिवसा तुले ऊन लागनार नाई." "मंग छत्री कायले बाळगता?" "कुत्र्यांसाठी. देवानं ऊन म्हटलं, कुत्रे नाई म्हटले." सगळे हसायचे. मीही पदराआड हसायची.

त्या बायबलबाई होत्या. गावोगाव पायी फिरायचं, बायकांना बायबल वाचून दाखवायचं, आजाऱ्यापाशी बसून प्रार्थना करायची, हे त्यांचं काम. माहेर यवतमाळकडचं. नवरा शाळामास्तर होता, तो लवकर गेला. छत्री त्याचीच. प्रार्थनेच्या पत्र्याच्या घरामागे एक खोली होती, तिथे त्या एकट्या राहायच्या. महिन्यातून एका रविवारी आदिलाबादहून पास्टर अय्या यायचे. ते तेलुगूत बोलत आणि बाई मराठीत सांगत. अय्या एक वाक्य बोलून थांबले की बाई पुढे बराच वेळ बोलत राहायच्या. एकदा अय्यांनी विचारलं, मी एवढं बोललो का? बाई म्हणाल्या, "तुमी नाई बोल्ले. पन तुमाले बोलायचं होतं." हे मला बाईंनीच सांगितलं. मी त्या घरात कधी गेले नाही.

आमचं घर माळव्याचं. मेथी, वांगी, मिरच्या, जे निघेल ते बाजारात न्यायचं. भाव ओरडायचं काम माझ्या जाऊबाईंचं. माझ्या तोंडून चार माणसांत शब्द निघत नाही, लहानपणापासूनच. मी मागे बसून जुड्या बांधायची. एका बाजाराच्या दिवशी मिरच्या बांधायच्या कागदावर काहीतरी छापलेलं होतं, ते मी मनात वाचत होते. समोर बाई उभ्या होत्या. म्हणाल्या, "वाचता येते काय तुले?" मी मान हलवून नाही म्हटलं. "ओठ तं हालून राह्यले तुहे. मान खोटं बोलते, ओठ खरं बोलते." त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव मुकी ठेवलं. त्या 'मुके' म्हणायच्या तेव्हा ते शिवीसारखं लागायचं नाही. घरातलं कोणी लाडानं हाक मारतंय असं वाटायचं.

माझी शाळा चौथीपर्यंत. गावात मराठी शाळा तेवढीच होती. पुढे तेलुगू, आणि तीही दुसऱ्या गावात. सोडलेलं वाचन बाईंनी मला परत दिलं. दुपारी जेवणं उरकून सगळे आडवे झाले की त्या यायच्या. दारातून हाक मारायच्या नाहीत. छत्रीचं टोक उंबरठ्यावर तीनदा ठोकायच्या. टक, टक, टक. म्हणायच्या, "हाक मारली की बाईमानूस दचकते. तिले वाट्टे कोनी मेलं." मग ओसरीवर बसून पुस्तक माझ्या मांडीवर द्यायच्या. पुस्तकाची पाठ उसवलेली होती, ती त्यांनी पांढऱ्या दोऱ्यानं मोठे मोठे टाके घालून शिवली होती. टाके वेडेवाकडे. त्यांना शिवण येत नव्हतं.

मी दोन ओळी वाचेपर्यंत बाईंना झोप लागायची. मी थांबले की डोळे न उघडता म्हणायच्या, "पुढं." एकदा मी धीर करून म्हटलं, तुमी देवाचं वाचायले लावता अन् सोता झोपता. त्या उठून बसल्या. म्हणाल्या, "प्रार्थना म्हनजे दरखास्त हाय. फरक एवढाच, कचेरीतला सायेब झोपते, इथला झोपत नाई. तो जागा हाय म्हनून मी झोपतो. दोघांनी कायले जागायचं?" आणि परत आडव्या झाल्या.

धर्माचं त्यांनी मला एकदाच विचारलं. "तू येशील काय आमच्यात? इचारलं नाई असं मले वर सांगता येनार नाई, म्हनून इचारतो." मी म्हटलं, "नाई जमायचं बाई." त्या म्हणाल्या, "बरं. वांगे दे दोन, बी नसलेले." तो विषय पुन्हा निघाला नाही.

त्यांच्या पुस्तकात दीडशे स्तोत्रं होती, पण त्या सारख्या एकशे एकविसाव्याकडे यायच्या. यरुशलेमेला यात्रेला जाणारे लोक वाटेनं म्हणायचे ते स्तोत्र. माणूस डोंगराकडे पाहतो आणि विचारतो, मला मदत कुठून येईल? मला वाटलं होतं, डोंगरावर देव असतो, म्हणून तिकडे पाहायचं. आमच्याकडे तसंच असतं. बाई म्हणाल्या, "डोंगरात काय हाय? ऊन, चोर, वाघ. मदत तिथून येत नाई. ज्यानं डोंगर केला त्याच्यापासून येते." मी विचारलं, मंग डोंगराकडे पाहाचं कायले? त्या म्हणाल्या, "जायाचं तिथूनच हाय न व. भ्याव वाट्टे तिकडंच मानूस पाह्यते." हे मी कधी विसरले नाही.

आणि त्या म्हणायच्या, हे एकट्यानं म्हणायचं स्तोत्र नाही. पहिलं विचारणं जाणाऱ्याचं. बाकी सगळं मागे राहणाऱ्याचं. तुझा पाय तो घसरू देणार नाही. तुझा राखणारा झोपत नाही. तो तुझ्या उजव्या हाताला सावली आहे. दिवसा ऊन तुला लागणार नाही, रात्री चंद्र बाधणार नाही. तुझं जाणं आणि तुझं येणं तो सांभाळील. याला बाई 'पोचवणं' म्हणत. आम्ही पाहुण्याला फाट्यापर्यंत पोचवतो तसं. असं पुस्तकात कुठे लिहिलेलं मला दिसलं नाही, बाईंच्या घरची रीत असावी. मास्तर सकाळी शाळेत निघाले की त्या दारात उभं राहून त्यांना असं पोचवत. आता त्यांना पोचवायला कोणी नव्हतं, म्हणून ते काम मला दिलं.

दर खेपेला निघताना त्या एक पाय उंबरठ्याबाहेर ठेवायच्या, मागे वळायच्या आणि विचारायच्या, "डोंगराकडे पाह्यतो. मले मदत कुठून येईल?" माझ्या वाट्याच्या ओळी मी पुटपुटायची, तोंडावर पदर धरून. त्या पुऱ्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मुके, देवाचे कान चांगले हायेत, माहे नाईत. आज चालवून घेतो. एक दिवस मोठ्यानं म्हनशीन." माझी लेक शीतल तेव्हा तिसरीत होती. ती फुंकणी काखेत मारून बाईंची नक्कल करायची, एक पाय बाहेर, एक आत. बाई तिला म्हणायच्या, "तुही माय नाई म्हनली तं तू म्हन."

त्या वर्षी मे महिन्यात बाजारहत्नूरकडच्या एका खेड्यातून निरोप आला. एका बाईचं मूल जन्मून दोन दिवसांत गेलं होतं. ती कोणाशी बोलत नव्हती, पाणी घेत नव्हती. बाईंनी यावं. बाई म्हणाल्या, आजच निघतो. बाजाराचा दिवस होता, सूर्य डोक्यावर. जाऊबाई म्हणाल्या, "उद्या पहाटं जा न वो, आज इस्तव बरसून राह्यला." बाई म्हणाल्या, "तिनं पानी सोडलं हाय. उद्यापरेंत कायले थांबते ते." मी पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर स्टँडवर गेले. बेल्याहून आदिलाबाद, तिथून हायवेनं गुडीहत्नूर, मग मिळेल ते ऑटो, आणि शेवटी घाटातून पायी.

बस गच्च भरली होती. जाऊबाई टोपली घेऊन तिथेच आल्या होत्या. मोटारसायकलवाले, चहावाला, आमच्या वाड्यातली माणसं, सगळे होते. बाईंनी एक पाय पायरीवर ठेवला आणि मागे वळल्या. मला कळलं आता काय होणार. त्यांनी त्यांच्या मोठ्या आवाजात विचारलं, "डोंगराकडे पाह्यतो. मले मदत कुठून येईल?"

सगळ्यांनी पाहिलं. कंडक्टर म्हणाला, "एक्कम्मा, एक्कु. चढो जल्दी. मदत पीछे की बस से आयेगी." लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे पाहत उभ्या होत्या. ओळी माझ्या जिभेवर होत्या, एकही विसरले नव्हते. पण जाऊबाई समोर होत्या, ती सगळी माणसं होती, आणि दुसऱ्या धर्माचं मोठ्यानं म्हटलं तर घरी काय होईल हेही होतं. मी मान खाली घातली. मला त्यांच्या चपला दिसल्या, आणि पायरीवर टेकलेलं छत्रीचं टोक. बाई थांबल्या. मग टोक पायरीवरून उचललं गेलं. बस निघाली तेव्हा खिडकीतून छत्री बाहेर आली आणि हलली.

तिसऱ्या दिवशी पास्टर अय्या स्वतः आले. ऑटो मिळालं नव्हतं. बाई हायवेपासूनच चालत गेल्या होत्या. घाटात लाकडं आणणाऱ्या माणसाला त्या एका सागाखाली बसलेल्या दिसल्या. उन्हाळ्यात सागाला पानं नसतात. छत्री मिटलेली, मांडीवर आडवी. गाव तिथून कोसभर राहिलं होतं. तो पाणी घेऊन येईपर्यंत त्या गेल्या. अय्यांनी बायबल प्रार्थनेच्या घरात ठेवलं आणि छत्री माझ्या हातात दिली. तुटक्या मराठीत म्हणाले, "बाई शेवटी तुमचं नाव घेत होती. मुकी, मुकी." जाऊबाई म्हणाल्या, "मेल्या मानसाची वस्तू घरात नको, फेकून दे." मी ती जुन्या लुगड्यात गुंडाळून दारामागच्या खिळ्याला टांगली. त्यानंतर हात लावला नाही.

त्या उन्हाळ्यापासून दुपारी उंबरठ्यावर आवाज यायला लागला. टक, टक, टक. पहिल्यांदा मी धावत जाऊन दार उघडलं. बाहेर पांढरं ऊन आणि रिकामा रस्ता. जाऊबाई म्हणाल्या, छपराचा पत्रा तापला की वाजतो. पत्रा वाजतो हे खरं आहे, ते मला माहीत आहे. तो कधीही कसाही वाजतो. तीनदा वाजून थांबत नाही. हळूहळू मी दार उघडायचं सोडलं. भिंतीला पाठ लावून बसायची, थांबेपर्यंत. बाहेर कोणी एक पाय पुढे ठेवून उभं आहे आणि माझ्या बोलण्याची वाट पाहतंय, असं वाटायचं.

स्तोत्र मला पाठ होतं, ते मनात आपोआप चालू व्हायचं, आणि दर वेळी उन्हाच्या ओळीवर अडकायचं. ऊन लागणार नाही असं लिहिलं आहे आणि बाई ऊन लागूनच गेल्या. मग एक तर स्तोत्र खोटं, नाही तर ते त्या दिवशी अर्धंच म्हटलं गेलं, म्हणून फळलं नाही. मी दुसरं धरलं. दोष माझ्याकडे घेतला की स्तोत्र खरं राहत होतं, आणि बाईही खऱ्या राहत होत्या. एवढी वर्षं मी ते असंच सांभाळलं. कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

शीतल नर्सिंग शिकली. या उन्हाळ्यात तिला हैदराबादच्या एका दवाखान्यात काम लागलं. बॅग भरता भरता ती म्हणाली, "आई, बाईंची छत्री दे मले. लय आवडायची." मला नाही म्हणता आलं नाही. खिळ्यावरून काढली, लुगडं सोडलं. उघडून पाहावी म्हणून खटका दाबला. उघडेना. शीतलनं जोर लावला तरी नाही. बाजाराच्या दिवशी मी ती छत्री दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे नेली. ते आमच्या भाजीच्या पालाशेजारीच बसतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिथेच बसतात.

चाचांनी आत बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "बेटी, ये खुलती कैसी? अंदर से तार मार के बंद करेली है." मग त्यांनी पकडीनं तार तोडली. तांब्याची तार, हिरवी पडलेली. छत्री उघडली आणि तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसलं. तीन काड्या मोडलेल्या होत्या, आणि त्या कापड फाडून बाहेर येऊ नयेत म्हणून तारेनं आवळून ठेवलेल्या. एका बाजूचं कापड वीतभर फाटलेलं. त्यावर शिवण होती. पांढऱ्या दोऱ्याचे मोठे मोठे, वेडेवाकडे टाके, अर्ध्यावर सोडून दिलेले.

मी तिथेच वांग्यांच्या टोपलीला धरून बसले.

बाईंची छत्री उघडतच नव्हती. मास्तर गेल्यावर कधी तरी मोडली असेल. नवी घेणं झालं नसेल, आणि मागणं त्यांच्यानं झालं नसेल. लोकांनी विचारलं तेव्हा त्यांनी देवाचं उत्तर दिलं, आणि आम्ही हसलो. इतकी वर्षं हसलो. चाचा चार हातांवर बसलेले, मी रोज त्या छत्रीकडे पाहत होते, आणि ती हातात घेऊन एकदा उघडून पाहावी असं मला वाटलं नाही. बाईंचा भरवसा खोटा होता असं मी म्हणत नाही. भरवसा होताच. पण फाटकी छत्री पण होती. दोन्ही एका हातात होतं.

त्या दिवसापासून मला स्तोत्र वेगळं दिसायला लागलं. मला वाटायचं, मागे राहणाऱ्याचं काम म्हणजे ओळी म्हणणं. पण पाय घसरणार नाही हे म्हणण्याआधी जाणाऱ्याचा पाय पाहावा लागतो, पायात काय आहे ते पाहावं लागतं. ऊन लागणार नाही म्हणण्याआधी त्याच्या डोक्यावर काय आहे ते पाहावं लागतं. उजव्या हाताला सावली आहे असं लिहिलं आहे. बाईंच्या उजव्या हातात छत्री होती आणि उजव्या बाजूला मी उभी होते. त्या दिवशी स्टँडवर मी बोलले असते तरी छत्री मोडकीच राहिली असती. हे कळून मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. दुःख फक्त जागा बदलून बसलं.

चाचांनी काड्या बदलल्या आणि नवं काळं कापड घातलं. टाके असलेला तुकडा मी मागून घेतला. हे लिहितेय त्या वहीतच तो ठेवला आहे.

शीतल निघाली तो दिवसही तापलेला होता. स्टँड तेच, चहावाला तोच, जाऊबाई आता काठी घेऊन चालतात, त्याही आल्या. शीतलनं बॅग आत दिली, एक पाय पायरीवर ठेवला आणि माझ्याकडे वळली. मला वाटलं नमस्कार करेल. ती हसत म्हणाली, "डोंगराकडे पाह्यतो. मले मदत कुठून येईल?"

लोकांनी पाहिलं. वय झालं म्हणून लाज सुटत नाही. मी खाली पाहिलं. तिच्या पायात नवे बूट होते, नाड्या नीट बांधलेल्या. म्हटलं, "तुहा पाय तो घसरू देनार नाई." आवाज घोगरा निघाला, पण निघाला. पुढची ओळ म्हटली. कंडक्टरनं घंटी मारली. मी हात वर करून म्हटलं, "थांबा. अजून हाय." परक्या माणसाला थांबा असं मी जन्मात म्हटलं नव्हतं. तो थांबला. उजव्या हाताची सावली म्हटली, आणि उन्हाच्या ओळीवर आले. तिथे क्षणभर अडकले. मग म्हटलं, "दिवसा ऊन तुले लागनार नाई. छत्री उघडून धरजो." चंद्राचं म्हटलं. जाणं म्हटलं, येणं म्हटलं. शीतल हसायची थांबली होती. बस गेली.

परवा तिचा फोन आला. म्हणाली, "आई, इथं कोनी छत्री घेत नाई व, मले लाज वाट्टे." मी म्हटलं, "वाटू दे. उघड."

छत्री आता घरात नाही. तरी दुपारी आवाज येतो. मी भिंतीला पाठ लावून बसत नाही. दार उघडते, उंबरठ्यावर उभी राहते. बाहेर पांढरं ऊन आणि रिकामा रस्ता. मी माझ्या वाट्याचं सगळं म्हणते, ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, कारण त्यांचे कान चांगले नव्हते. काल जाऊबाईंची झोप मोडली. खाटेवरून त्यांनी विचारलं, "कोन आलं व?"

म्हटलं, "कोनी नाई आलं. पोचवून राह्यलो."